नाव काढलेली पोस्ट

गोदाकाठच्या वाळूचोरीबद्दल शाळेतल्या गौहर मॅडमनी पालकांच्या छोट्याशा ग्रुपवर लिहिलं होतं. सोमेश्वरनं ते न विचारताच उचललं, मॅडमचं नाव काढून स्वतःचं टाकलं आणि तीर्थपुरीभर फिरवलं. दुसऱ्याच दुपारी त्याच्या दुकानात चौघं शिरले. एकानं आतून शटर ओढलं.

"लई बोभाटा केला रे आमचा!"

सोमेश्वरची बोबडी वळली. "भाऊ, मी न्हाई लिहिलं. नुसतं कॉपी करून टाकल्तं."

"बराबर. मंग कोणी लिहिलं? नाव सांग, तुला सोडतो."

नदीच्या अंगाला म्हाताऱ्या आईसोबत राहणाऱ्या मॅडम त्याच्या डोळ्यांपुढं आल्या.



"मघाशी खोटं बोललो, भाऊ. मीच लिहिलंय."