पहिल्या हाकेला
हे निवृत्त झाले आणि घरात पोपट आला. पिंजऱ्याचा ट्रे धुवायचा मी, आणि मेला चावायचा मलाच. ह्यांनी मात्र त्याला माणसाळवायला जिवाचं रान केलं. आठवडाभर गॅलरीत पिंजऱ्याशेजारी नुसते बसून राहिले. मग तळहातावर पेरूची फोड घेऊन हात आत घालायचे आणि तासभर हलायचे नाहीत. "घाई करून चालत नाही, आधी विश्वास बसावा लागतो," असं लेकीला फोनवर सांगायचे. तीस वर्षांत माझ्या वाट्याला असला धीर कधी आला नव्हता. पोपटाने आपल्याला नावाने हाक मारावी म्हणून ह्यांनी महिनाभर घसा कोरडा केला. तो शिकला काय, तर मी दिवसभर स्वयंपाकघरातून मारते ती हाक. "अहो!" हुबेहूब माझा आवाज, माझाच हेल. मी तीनदा हाक मारावी तेव्हा पेपरामागून एक "हं" यायचं. पोपटाने एकदा म्हटलं की पेपर खाली, चपला पायात आणि स्वारी गॅलरीत हजर. आज वरच्या फळीवरून जड बरणी काढताना स्टूल डगमगलं. दोन्ही हात बरणीला. मी घाबरून ओरडले, "अहो!" बाहेरून लगेच उत्तर आलं, "आलो, आलो!" पहिल्याच हाकेला! पेपर टाकल्याचा, चपला घाईने फरफटल्याचा आवाज आला. त्या डगमगत्या स्टुलावरही मला लाजल्यासारखं झालं. मग गॅलरीत पिंजऱ्याची कडी वाजली. "काय हवंय माझ्या राजाला?"