कलम सतरा

“सह्या करून करून मनगट गेलं माझं. रोज एवढे कागद कुठून काढतोस रे?”

बटणांच्या कंपनीचे दादा कुरकुरत होते. “वाचून सही करा, साहेब,” सचिव नेहमीसारखा पुटपुटला. दादांना वाचायला फुरसत नव्हती. त्यांचं लक्ष धाकट्या बहिणीवर, बेबीवर होतं.

शंभरातले पंचेचाळीस शेअर दादांचे, दहा बेबीचे, उरलेले पंचेचाळीस सात चुलत भावंडांचे मिळून. वडिलांनी नियमावलीत कलम सतरा घालून ठेवलं होतं: कंपनी विकायची तर लहान भागधारकांची संमती हवी, आणि भाव सगळ्यांना एकच. आता गिऱ्हाईक आलं होतं आणि दादांना ते कलम नको होतं. कलम काढायला बाकीचे तयार आहेत, असं त्यांनी प्रत्येकाला एकेकटं गाठून सांगितलं. भावंडांच्या शेअरांचा भाव निम्म्यावर आला. हक्कच नसतील तर तो कागद घेणार कोण? अजून थोडा पडू दे, मग आपणच घेऊ, असं दादांच्या मनात होतं. कुणी विषय काढलाच तर ते म्हणत, “आपण घरचेच ना?”

बेबी मात्र गप्प होती, आणि तेच खटकत होतं. दर सभेला प्रश्नांनी भंडावून सोडणारी त्रेपन्न वर्षांची बेबी! तिने राहतं घर विकल्याचं कळलं तेव्हा दादांना वाईटही वाटलं. कर्ज झालं असेल बिचारीला. तरी त्यांनी ड्रायव्हरला तिच्या मागावर ठेवलंच. बेबीताई एकेका भावंडाकडे जातात आणि तासाभराने पाकीट घेऊन बाहेर पडतात, अशी त्याची खबर होती.

हरकतीची पत्रं, दादांनी ताडलं. फितवतेय सगळ्यांना.

सभेच्या सकाळी सात खुर्च्या रिकाम्या राहिल्या. बहिष्कार तर बहिष्कार. दादांनी ठराव मांडला, हात वर केला आणि बेबीकडे रोखून पाहिलं.

तिनेही हात वर केला.

“म्हणजे यापुढे ज्याचे शेअर जास्त, त्याचंच चालणार. बरोबर ना, दादा?”

“अगं, आपण घरचेच ना?” दादा मायेने म्हणाले.

सचिवाने ठराव मंजूर झाल्याचं लिहिलं आणि शेअरांची नोंदवही दादांसमोर सरकवली. पंधरवड्यातल्या सात नोंदी. प्रत्येकीखाली दादांची सही. त्यांनी पहिल्यांदाच वाचलं. सातही वेळा शेअर घेणाऱ्याचं नाव एकच होतं.

“घरचेच, दादा,” बेबी म्हणाली. “पण तुझे पंचेचाळीस, माझे पंचावन्न. आणि कलम तूच काढलंस.”