पश्चात्तापाचा चेहरा

एर्सिलियाने गेरूचा खडू तिसऱ्यांदा खाली ठेवला. समोर गुडघ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या तादेओला पुन्हा जांभई आली होती. बोलोन्याच्या बाजारातला हा हमाल तिने दाढी बघून आणला होता. चित्रासाठी त्याला संत पेत्र व्हायचे होते, म्हणजे येशूला पकडल्यावर जीव वाचवायला त्याची ओळख नाकारणारा आणि मग ढसाढसा रडणारा पेत्र. तादेओ सकाळपासून रडणे सोडून बाकी सगळे करत होता. त्याने कोबीचे भाव सांगितले, गुडघे दुखतात म्हणून सांगितले आणि मधूनच तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळले.

दुपारी पाद्रीबाबा रेखाटन बघायला येणार होते. ते पसंत पडले नाही तर वेदीवरचे चित्र पलीकडच्या गल्लीतल्या चित्रकाराकडे जाणार होते. बाईमाणसाला असले काम दुसऱ्यांदा कोण देतो?

त्या चघळण्यापायी चित्रातले ओठ चुकले. गेरू एकदा कागदावर बसला की पावाच्या मऊ गरानेच काय तो थोडाफार उठतो. तिने शेजारच्या पावाच्या बशीकडे हात नेला. बशी रिकामी होती.

"पाव खाल्लात?"

"मी? छे."

"दाढीत काय आहे मग?"

"पहिल्यापासूनच असेल, बाई."

एर्सिलियाचा संताप अनावर झाला. चित्र पुसायचा पाव गिळणारा संत तिने जन्मात पाहिला नव्हता, आणि तेही तिने बोलून दाखवले. आणखी बरेच बोलली. तादेओ मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्याने हात काखेत दडवले. कालपासून पोटात काही नव्हते, हे तो बोलला नाही. पण त्याचे डोळे भरून आले आणि ओठ अर्धवट उघडेच राहिले.

ती बोलता बोलता थांबली. खडू उचलून तिने चुकलेल्या ओठांवरच नवे ओठ काढले. खालची रेघ दिसत राहिली, त्याला इलाज नव्हता.

पाद्रीबाबा आले तेव्हा तादेओ कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. ते कागदावर वाकले. त्यांनी नाक ओढले. मग वळून त्यांनी म्हाताऱ्याला हळूच विचारले,

"बाबा, हे तुम्हीच ना?"

तादेओने घाईघाईने दाढी झटकली.

"मी नाही, पाद्रीबाबा. देवाशपथ, मी नाही."