आधीच परतलेला

आई गेल्यापासून धम्मरत्न घरात बोलेनासा झाला होता. सोनाळ्याच्या शाळेत शिकवायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. शेवटी बायको मयुरीच म्हणाली, "एक दिवस एकटेच जंगलात जाऊन या. मन मोकळं होईन."

रविवारी सकाळी मोबाइल घरीच ठेवून तो सातपुड्याच्या जंगलात शिरला. दुपारी एका झऱ्याकाठी बसून आईसाठी पहिल्यांदाच मोठ्याने रडला. पण रडून झाल्यावर त्याला हलकं वाटलं नाही. आपल्यातलं काहीतरी उठून निघून गेल्यासारखं वाटलं.

उतरताना जंगलाच्या कडेला गावातली झुंबरबाई शेळ्या चारत होती.

"गुरुजी, वापस काऊन आले? मघाशीच तं गावाकडे गेले ना गानं म्हनत."

"मी नाही, मावशी. दुसरं कोनी असन."

"तुमीच व्हते. मले जयभीम करून गेले."

धम्मरत्नाला हसू आलं, पण पाय भरभर पडू लागले. गाव अजून सहा किलोमीटर होतं. वाटेतल्या नाक्यावर त्याने वनरक्षकाचा फोन मागून घरी लावला.

"मयुरी, मी बोलून राह्यलो."

तिच्या मागून कोणीतरी हसत विचारलं, "कोनाचा फोन हाय?"

"मालूम नाही," मयुरी मागे वळून त्या हसणाऱ्याला म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज आनंदी होता. "पन बोलते तुमच्यावानीच."