एका डोळ्याची दुर्बीण

"आता शेवटची एकच वही," पणतू म्हणाला. ही त्याची सातवी शेवटची वही होती.

कारकूनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बंदराच्या दफ्तरखान्याला पाचला कुलूप लागायचं. पाऊण तास उरला होता.

रविवारी गल्लीच्या तोंडाशी पणजोबांच्या नावाची पाटी लागायची होती: थोर दर्यावर्दी, अकरा सफरी. वडिलांनी त्यासाठी नवा कोट शिवला होता. आणि ऐन वेळी नगरपालिकेला एका सफरीचा तरी कागद हवा झाला. आजच्या आज. नाहीतर पाटी समोरच्या दातांच्या डॉक्टरच्या आजोबांची.

फोन वाजला. वडीलच.

"आजोबा सापडले का रे?"

"शोधतोय."

"दुर्बीण दाखव त्यांना!"

त्याने ती सकाळीच काढायला घेतली होती. पणजोबांनी परदेशातून आणलेली, पितळी, एका डोळ्याची काच गायब. काच वादळात समुद्रात पडली, असं घरातले सगळे छाती फुगवून सांगत. बाईंनी ती पिशवीतून वरही येऊ दिली नव्हती. "इथे कागद चालतो," एवढंच म्हणाल्या होत्या.

आता त्या फिकट शाईवरून भिंग फिरवत होत्या. "बोटीत चढणाऱ्यांची यादी वेगळी, उतरणाऱ्यांची वेगळी. गेलेला माणूस एकीत तरी सापडतोच. तुमचे तीस वर्षांत कुठेच नाहीत."

"असं कसं हो! उन्हाळाभर घरी असायचे, थंडी पडली की बोटीवर."

"आमचे उलटे. थंडीत घरी, ऊन तापलं की बोटीवर."

"तुमचे कोण?"

"पणजोबाच. एकोणीस वर्षं याच खोलीत आहे मी. त्यांचंही नाव सापडत नाही." बाईंनी उसासा टाकला. "आडनावं वेगळी, पण वाळवीनं नेमकी आपलीच पानं खाल्लेली दिसतात."

पणतू अस्वस्थपणे पानं उलटत राहिला. बोटाला थुंकी लावली, बाईंची नजर पाहिली, बोट शर्टाला पुसलं. पाचला पाच कमी असताना त्याच्या कोपराचा धक्का लागून भिंग टेबलावरून घरंगळलं. त्याने ते कसंबसं झेललं.

"जपून हो! पणजोबांनी परदेशातून आणलंय."

पणतूने भिंग उलटसुलट करून पाहिलं. पितळी कडी. कडीला आतून बारीक आटे.

त्याने पिशवीतून दुर्बीण काढली. भिंग रिकाम्या डोळ्यावर टेकवलं आणि फिरवलं. अडीच फेऱ्यांत ते घट्ट बसलं.



फोन वाजला.

"सापडले का रे आजोबा?"

पणतूने फोनवर हात ठेवून बाईंकडे पाहिलं.

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या. सकाळपासूनचं अहोजाहो संपलं होतं. "हिवाळ्यात आमच्याकडे असायचे म्हणावं."