मागचं माझ्याकडे

"ताई, आज तू वर चढ. मी खाली बसते."

हेडफोनमधून धाकटीचा आवाज आला आणि शेजारच्या खुर्चीवरच्या ताईची बोटं कीबोर्डवर थबकली. व्हिडिओ गेमच्या जोडीच्या स्पर्धेतला अंतिम सामना, शेवटचा डाव, गुण बरोबरीत. पडद्यावर ती उंच भिंत उभी होती आणि ही पोरगी ऐन वेळी भलतंच काढून बसली होती.

त्या भिंतीवर एकट्याने उडी पोचत नाही. एकीने भिंतीशी बसायचं, दुसरीने तिच्या खांद्यावर चढून पलीकडे नेम धरायचा. खालचीला फक्त मागचा रस्ता दिसतो. तिने तो राखायचा. वरचीने मात्र काही झालं तरी मागे बघायचं नाही, कारण ती वळली की पलीकडचा तिला टिपतो. बहिणींची ही जोडी या एका चालीवर अंतिम सामन्यापर्यंत आली होती. खाली नेहमी ताई, वर नेहमी धाकटी. बसताना ताई न चुकता म्हणायची, "मागचं माझ्याकडे. तू पुढे बघ."

लहानपणी शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडची मांजराची पिल्लं बघायलाही धाकटी ताईच्याच खांद्यावर चढायची. ती वरून पिल्लांचे रंग सांगायची आणि ताई खालून "हो का?" म्हणायची. ताईला ती पिल्लं कधी दिसलीच नाहीत. आईला आताच्या या पडद्यावरच्या खेळातलं ओ की ठो कळत नसे, पण दारातून डोकावून ती म्हणायची, "अगं, कधीतरी मोठीलाही बघू दे की पलीकडे!"

आज धाकटी नेमकं तेच करायला निघाली होती. आठवड्यापूर्वी दूरच्या शहरातल्या एका मोठ्या संघाच्या प्रशिक्षकाचा तिला फोन आला होता. एकच जागा होती आणि ती त्यांना धाकटीला द्यायची होती. धाकटीला नाचावंसं वाटलं, आणि लगेच ताईची रिकामी खुर्ची डोळ्यांपुढे आली. ती म्हणाली, "सर, ताई माझ्याहून चांगली खेळते. अंतिम सामन्यात तिला बघा, मग काय ते ठरवा." ताईला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. ताईची निवड झाली तर आपण उशीत तोंड खुपसून मनसोक्त रडणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला ते हवं होतं.

"वेड लागलंय का तुला?" ताई म्हणाली.

"चढ ना गं. माझ्यासाठी."

ताई चढली. धाकटीने तोंड मागे केलं आणि रिकामा रस्ता डोळ्यांत तेल घालून राखला. वरून गोळी सुटण्याची वाट बघत राहिली. गोळी सुटली, पण पलीकडून. ताई कोसळली. गोंधळलेली धाकटी एकटी किती टिकणार? सामना हातचा गेला.

"सवय मेली," ताई ओशाळून म्हणाली. "मागे काहीतरी हललंसं वाटलं, वळले."

"मागे मी होते ना!" धाकटी ओरडली आणि हेडफोन काढून टेबलावर आपटला. मग तिचं तिलाच वाईट वाटलं.

संध्याकाळी प्रशिक्षकाचा फोन आला. वर चढून मागे वळणारी खेळाडू त्यांना नको होती. जागा धाकटीचीच होती. धाकटी नाही म्हणणार, तोच ताईने तिच्या हातातून फोन काढून घेतला. "ती येतेय, सर," असं सांगून तिने तो बंदही केला.

"मी जाणार नाही," धाकटी म्हणाली.

"वर गेल्यावर जिला पुढे बघता येतं तिने जायचं. मला नाही जमत, बघितलंस ना? चल, बॅग काढ."

निघायच्या दिवशी ताई बसपर्यंत आली. निरोपाला फाटा देऊन, "मागचं माझ्याकडे," एवढंच म्हणाली आणि बसच्या मागे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरचा चहा संपत नव्हता. वेळ घालवायला धाकटीने फोनवर सामन्याचं चित्रण उघडलं. ताईच्या पडद्याचं.

ताई भिंतीवर चढली. पलीकडे प्रतिस्पर्धी अगदी समोर, पाठ करून उभा होता. कालच्या पोराचाही नेम चुकला नसता. ताईचा नेम त्याच्या डोक्यावर टेकला. टेकलेलाच राहिला. मग, काही घाई नसल्यासारखी, ताई मागे वळली.

मागे काहीच हलत नव्हतं. पडद्यावरचं दृश्य खाली झुकलं. भिंतीशी धाकटी बसली होती, रस्ता राखत. गोळी लागेपर्यंत ताई तिच्याकडेच बघत राहिली.

आपला फोन नंबर प्रशिक्षकांना कुणी दिला, हा प्रश्न धाकटीला आज पहिल्यांदाच पडला. संघाच्या नोंदणीत तर फक्त ताईचा नंबर होता.

बस हलली. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. उठावं, मागच्या काचेशी धावावं, त्या लबाड बाईला एकदा डोळे भरून बघावं, असं तिला फार फार वाटलं. तिने पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि वळण येईपर्यंत समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

वरचीने मागे बघायचं नसतं.