समोरच्याचा उजवा हात

तरुण डॉक्टर म्हणाले, "आजी, उजवा हात वर करा." आईने डावा केला. "आता डावा." तिने लगेच उजवा केला. डॉक्टरांनी कागदावर दुसरी फुली मारली, तशी मी भडकले. "अहो, चुकली नाही ती! जन्मभर तिसरीच्या मुलांना भूगोल शिकवलाय तिने. दिशा शिकवताना बाईंनी उजवा हात उचलला, तर समोरची मुलं आरशासारखा डावा उचलतात, दक्षिणेची उत्तर करून ठेवतात. म्हणून आई मुद्दाम उलटा हात वर करायची. समोर बसलात, तुम्हालाही शिकवतेय ती!" गोंधळलेल्या डॉक्टरांनी स्वतःचेच दोन्ही हात वर करून पाहिले. मग हसून फुल्या खोडल्या. माझा जीव भांड्यात पडला. बोटांवरचा नसलेला खडू झटकत आई माझ्याकडे वळली आणि अदबीने म्हणाली, "काळजी करू नका हो. तुमचा मुलगा हुशार आहे, फक्त डाव्या-उजव्यात गोंधळतो."